सामना संपेपर्यंतचं मानपत्र

“रोमन साम्राज्य शत्रूमुळं बुडालं नाही, नेतृत्वामुळं बुडालं!” असं मी शालूआत्याच्या गोठ्यात मूठ आवळून गरजलो, तेव्हा तिची थोरली म्हैस बिचकली आणि अर्धी बादली दूध लवंडून मोकळी झाली.

“रोमचं मागनं बघू,” आत्या म्हणाली. “आधी पायाखाली बघ, विल्या. शेणात उभा हाईस.”

खरोखरच होतो. आणि मी एकटाच नव्हे, आमची अख्खी गल्ली त्या दिवसांत तशीच उभी होती.

कोल्हापुरात माणसाचं आडनाव नंतर विचारतात, आधी तालीम विचारतात. आखाड्यात कुस्ती आणि मैदानात फुटबॉल, गल्लीचं सगळं तालमीच्याच नावानं. आमची वाघोबा तालीम. नावाप्रमाणं जर्सी पिवळी आणि वर काळे पट्टे. बाकी नावाप्रमाणं काही उरलं नव्हतं. तीन हंगाम आम्ही एकही सामना जिंकला नव्हता. एकदा बरोबरी साधली होती, पण ती पावसानं सामना बंद पाडला म्हणून. तरी त्या संध्याकाळी आमच्या लोकांनी पेढे वाटले होते. आमची पोरं मैदानात उतरली की समोरची तोफखाना तालमीची माणसं एका सुरात ‘म्याव’ करायची. इतकं शिस्तीत, की त्यांच्यात कुणीतरी तालीम देणारा असावा.

आत्याच्या गोठ्यात त्या दिवशी तिसरा माणूस होता यसबा सातपुते. यसबाचं सायकलचं दुकान. हलगी वाजवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. प्रत्येक सामन्याला तो हलगी घेऊन जायचा आणि प्रत्येक सामन्याहून ती छातीशी धरून, आजारी पोर आणावं तशी, परत आणायचा. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला त्यानं विजयाच्या मिरवणुकीसाठी गुलालाचं पोतं आणून ठेवलं होतं. ते अजून त्याच्या पलंगाखाली होतं. त्याची बायको दर दिवाळीला त्याच्यावरची धूळ झाडायची.

“रविवारी तोफखान्याबरोबर शेवटचा सामना,” यसबा उकिडवा बसून म्हणाला. “हरलो की खालच्या गटात. मग आपले सामने गावाबाहेरच्या माळावर, सकाळी सकाळी. बघायला कोण, तर चरायला आलेली गुरं. मी हलगी वाजवू कुणापुढं, आत्या?”

“घरी वाजव की,” मी म्हणालो.

“घरी वाजवली तर बायको बाहेर काढती.” आणि एवढं बोलून त्या दांडग्या माणसानं डोळे पुसले. म्हणजे मामला गंभीर होता.

आता रोमचं नेतृत्व कसं होतं मला ठाऊक नाही, पण आमचं नेतृत्व म्हणजे आबासाहेब इंगवले. आबांची मिरची कांडपाची गिरणी होती. त्यांच्याशेजारी बसलेला माणूस पहिलं वाक्य बोलायच्या आधी दोनदा शिंकायचा. वीस वर्षं तालमीचे अध्यक्ष, टीमचे व्यवस्थापक, प्रशिक्षक, निवड समिती, सगळं तेच. माणूस देवगुणी. कुणाच्या घरी मयत असो, बारसं असो, आबा आधी हजर. आणि सगळा घोटाळा त्या देवगुणातच होता.

गणपतीत आमच्या गल्लीत आरतीची पाळी असते. आज पाटलांची, उद्या मुल्लाण्यांची, परवा कुंभारांची. एकही घर सुटत नाही, म्हणून भांडण नाही. आबांनी हीच पद्धत फुटबॉलला लावली होती. प्रत्येक घराची पाळी. पोरगं धावतं का, चेंडू अडवतं का, त्याला चष्म्याशिवाय गोल दिसतो का, हे प्रश्न गौण. पाळी आली की जर्सी. एकदा दिवाळीला वाण्याचा जावई सासरी आला होता, त्याला मानाचं म्हणून अर्धा वेळ डाव्या बाजूला खेळवला. मीसुद्धा एकदा पाळीनं खेळलो. चेंडू दोनदा माझ्याकडं आला. दोन्ही वेळा मी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

त्यातूनही टीममधे एक अव्वल खेळाडू होता, कप्तान दिलावर मुल्लाणी. दिवसा नळ जोडायचा आणि संध्याकाळी चेंडू असा न्यायचा, की समोरच्याच्या पायातनं गळती लागलीय असं वाटावं. मागच्या हंगामात त्यानं सामन्याच्या सुरुवातीलाच एक गोल मारला. आम्ही नाचायला लागलो, तोवर आबांनी हात वर करून त्याला बाहेर बोलावलं.

“आबा, मी काय चुकलो?” दिलावर कळवळला.

“चुकला न्हाईस रे बाळा. तुझं पोट भरलं. आता दुसऱ्याला बसू दे की पंगतीला.”

पुढं आम्ही पाच खाल्ले.

तुम्ही विचाराल, मग अध्यक्ष बदलला का नाहीत? प्रयत्न झाले. दर वर्षीच्या सभेत यसबा बाह्या सावरून उभा राहायचा. “आबा, मला जरा बोलायचंय.” आबा मायेनं म्हणायचे, “बोल की यसबा. तुझ्या थोरल्याची पाळी पुढच्या आयतवारी हाय, त्याला बूट हाईत न्हवं?” यसबा खाली बसायचा. ज्याच्या पोराला पाळी मिळाली तो कोणत्या तोंडानं बोलणार? आणि ज्याच्या पोराची यायचीय तो तर मुळीच नाही. लोकशाही अशी भक्कम मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

“उठवायचं कसं त्यास्नी खुर्चीवरनं?” यसबा म्हणाला.

आत्या इतका वेळ म्हशीची कास पुशीत होती. ती वर न बघता म्हणाली, “उठवताय कशाला? बसवा.”

“म्हंजे?”

“माणसाला उठवायला भांडण लागतं. बसवून ठेवायला निस्ता सत्कार पुरतो. रविवारी सामना चालू असताना आबा मैदानावर नसला म्हंजे झालं न्हवं? मग घाला हार आणि ठेवा हितंच तालमीत.”

यसबानं मांडीवर थाप मारली. मी रोमन साम्राज्य तिथंच सोडून दिलं.

तालीम आणि स्टेडियम यांच्यात फक्त एक रस्ता आणि एक भिंत. आबांना पळून जायचं म्हटलं तर क्षणाचं काम. पण आत्याचा हिशोब पक्का होता. सत्कार चालू असताना सत्कारमूर्तीनं उठणं म्हणजे लग्नात अंतरपाट धरल्यावर नवऱ्यानं ‘आलोच’ म्हणून जाणं. आबांसारखा रीत जाणणारा माणूस मेला तरी तसं करणार नाही.

“शेवटाला मानपत्र ठेवायचं,” आत्या म्हणाली. “लांबलचक. सामना संपेपर्यंत संपायचं न्हाई असलं.”

“लिहिणार कोण? वाचणार कोण?” यसबानं विचारलं, आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

मी तेव्हा एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचो. विशेषणांचा साठा गल्लीत माझ्याइतका कुणाकडं नव्हता. पण मी हादरलो. वाघोबाचा एकही सामना मी चुकवला नव्हता. लग्नाच्या मुलीसुद्धा सामना नसलेल्या वारी बघायला जायचो, आणि बहुधा म्हणूनच अजून बिनलग्नाचा होतो.

“मी न्हाई. मी सामना बघणार.”

“तीन वर्षं बघितलास,” आत्या म्हणाली. “काय दिवे लागले?”

मी कागद मागितला.

आम्ही आबांच्या गिरणीत गेलो. प्रथेप्रमाणं आधी शिंकलो. मग आत्यानं विषय काढला.

“आबा, तुमची एकसष्टी करायचं ठरवलंय तालमीनं. रविवारी.”

“एकसष्टी?” आबांनी मिरचीच्या पोत्यावरचा हात काढला. “मला एकोणसाठावं चालू हाय की गं.”

“चांगलं काम लांबवू नये, आबा. माणसाचा काय भरवसा?”

आबांना हे पटल्यासारखं दिसलं, पण लगेच त्यांच्या कपाळावर आठी आली. “रविवारी सामना हाय न्हवं?”

“सामना चारला. सत्कार दोनला,” मी म्हणालो. “मधे डोक्यावरनं पाणी जाईल इतका वेळ हाय.”

आबांनी आम्हा दोघांकडं जरा वेळ टक लावून पाहिलं. मला तो विनय वाटला. मग ते म्हणाले, “बरं,” आणि कांडप चालू केलं.

आता उरली टीम. आबांनी पाळीप्रमाणं नावं आधीच काढली होती. त्यात दिलावर नव्हताच, त्याच्या घराची पाळी होऊन गेली होती. यसबा आणि मी शनिवारी घरोघर फिरलो. मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. पाळी म्हणजे मान, आणि मान कोण सोडतो? पण पहिल्याच घरात कुंभाराची म्हातारी म्हणाली, “आमचं पोर खेळलं तर जिंकाल व्हय? न्हाई न्हवं? मग घरी ठेवून घेतो त्याला. त्यात विचारायचं काय?” दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घरात तर पोरगंच आतनं म्हणालं, “सुटलो!”

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत पोटदुखीची अशी साथ आली, की महापालिकेनं दखल घ्यायला हवी होती. एकेकाचा बाप आबांकडं येऊन सांगायचा, “पोराला मुरडा आलाय, आबा.” आबा प्रत्येकाला ओवा चावायला द्यायचे. शेवटी उरले ते दिलावर आणि त्याचे दहा सोबती, जे खेळता येत असूनही पाळीमुळं आजवर फारसे खेळले नव्हते.

“बरं,” आबा म्हणाले. “जी पोरं उभी राहू शकतात ती खेळू देत. मी आलो की अर्ध्या वेळात बदलू.”

हीच भीती होती.

सत्कार दोनचा होता, म्हणजे साडेतीनला सुरू झाला. तालमीतल्या कुस्तीच्या हौदापुढं मांडव, त्यात खुर्ची, खुर्चीत आबा. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, गळ्यात हार, मांडीवर नारळ. गल्लीतला जाणता प्रेक्षकवर्ग अर्थात स्टेडियममधे होता. म्हणून आत्यानं आपलं भजनी मंडळ, काही पेन्शनर आणि रोजची दूध नेणारी गिऱ्हाइकं आणून मांडव भरला होता. काहींच्या हातात किटल्या होत्या. टाळ्या वाजवताना खणखणाट व्हायचा.

प्रमुख पाहुणे होते जनावरांचे डॉक्टर, आत्याच्या म्हशी बघणारे. त्यांना एकच सांगितलं होतं, थांबायचं नाही. त्यांनी आबांच्या थोर कार्याबद्दल दोन वाक्यं बोलून खुरकुताच्या रोगाकडं गाडी वळवली आणि तिथं त्यांना सूर सापडला. चारला पलीकडं शिट्टी वाजली. यसबाची हलगी कडाडली. आबांचा उजवा पाय आपोआप हलायला लागला.

“लसीकरण,” डॉक्टर म्हणत होते, “वेळेवर झालं पाहिजे.”

मी मानपत्राची सुरळी धरून उभा होतो. भिंतीपलीकडनं ‘ओऽऽ’ उठायचं आणि मधेच विझायचं. प्रत्येक ‘ओऽऽ’ला माझा जीव भिंतीवर चढून खाली यायचा. कुणी मारला, कुणी अडवला, काही कळेना. तुमच्यापैकी कुणी शेजारच्या खोलीत आपल्याच बायकोचं बाळंतपण चालू असताना शेळ्यांच्या जंतांवर व्याख्यान ऐकलं असेल, तर त्याला माझी अवस्था समजेल.

मग हलगी थांबली. मध्यंतर. हाच तो घात करणारा वेळ. डॉक्टरांनीही नेमकं तेव्हाच पाणी प्यायला भाषण थांबवलं. आबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले.

“विलास, मी जरा पाच मिनिटांत जाऊन येतो. पोरं बदलायची हाईत.”

“असं कसं?” आत्या ताट घेऊन पुढं आली. “एकसष्टीला एकसष्ट दिव्यांनी ओवाळायचं असतं. दिवे दिसल्यावर उठला तर आयुष्य उणं हुतं.”

आबा बसले. भजनी मंडळातल्या बायका एकामागून एक आल्या. दिवे पेटायचे, वाऱ्यानं विझायचे, पुन्हा पेटायचे. आत्या वारा अडेल अशी मुद्दाम उभी राहत नव्हती, हे फक्त माझ्या लक्षात आलं. एवढ्यात पलीकडं पुन्हा शिट्टी वाजली. उत्तरार्ध सुरू झाला होता, आणि पोरं तीच होती.

मी माइकपुढं गेलो.

“सन्माननीय, आदरणीय, वंदनीय, पूजनीय,” मी सुरुवात केली. विशेषणं छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांसारखी एकेक करून लावत गेलो. आबांचा जन्म झाला. जन्माच्या आधी त्यांच्या मातोश्रींना काय डोहाळे लागले, ते मी सांगितलं. ते मला ठाऊक नव्हते, पण तिखटाचे लागले असावेत हे तर्काला धरून होतं. आबा शाळेत गेले. शाळा कुठल्या दगडात बांधली होती, तो दगड कुठल्या खाणीतला, हे झालं. मग मिरची आली. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा ठसका, लवंगीची आग, आणि या तिन्हींचा आबांच्या स्वभावात झालेला संगम. पेन्शनरांतला एक झोपला. किटलीवाल्यांची चुळबुळ सुरू झाली.

तेवढ्यात आवाज आला.

सुरुवातीला मला वाटलं, कुठं भिंत कोसळली. आमच्या लोकांना आनंदानं ओरडायची सवयच राहिली नव्हती. तो आवाज आधी चाचरला, ‘आता काय करायचं असतं’ असं आठवत राहिला, आणि मग एकदम फुटला. मागनं हलगी अशी तडतडली, की मांडवाचे बांबू हलले.

गोल! आपला!  आत्यानं पदर तोंडात कोंबला. आणि मी, ज्यानं या क्षणाची तीन वर्षं वाट पाहिली, तो मी काय म्हणत होतो? “तद्वतच आबासाहेबांनी कांडपयंत्राच्या घणांची दुरुस्ती स्वहस्ते केली.”

गोल बघायला मिळाला नाही म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेन्शनर मंडळींना वाटलं, घणांच्या आठवणीनं आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी जे वाचलं ते कागदावर नव्हतं. कागद संपला होता. मी आबांच्या आजोबांना पन्हाळ्यावर पाठवलं, परत आणलं. आबांच्या बैलाची वंशावळ सांगितली. गल्लीतल्या आडाच्या पाण्याचा गुणधर्म सांगितला. घसा कोरडा पडला, मग बसला, मग गेलाच. शेवटी तोंडातनं फक्त हवा यायला लागली, आणि त्या हवेतनं कसंबसं “आपले नम्र, वाघोबा तालीम मंडळ” एवढं बाहेर पडलं.

आणि पलीकडं सामना चालूच होता.

आबा उठले. त्यांनी शाल नीट केली. आत्या वाटेत उभी राहायला पुढं सरकली, पण तिच्याही जवळ आता दिवा उरला नव्हता. आता हा माणूस रस्ता ओलांडणार, हात वर करणार, “दिलावर, तुझं पोट भरलं” म्हणणार आणि वाघोबा तालीम गुरांपुढं खेळायला जाणार. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा आबा माझ्याशेजारी उभे होते आणि माझ्या हातातला माइक काढून घेत होते.

“सत्काराला उत्तर द्यायची रीत हाय,” ते लोकांना म्हणाले.

हे ऐकून झोपलेला पेन्शनरही जागा झाला. वीस वर्षांत आबांचं सगळ्यात मोठं भाषण होतं, “आलात, बरं वाटलं. चहा घेऊन जावा.”

आबांनी माइकवर पंजा ठेवला आणि माझ्या कानाशी वाकले. मी शिंकलो.

“किती मिनिटं राहिलीत रे?”

“क-कशाची?”

“सामन्याची. आणि मघाचा कुणाचा झाला? आपलाच न्हवं?”

माझ्या घशातनं आवाज येईना. मी मान हलवली आणि दहा बोटं वर केली.

“मग बस खाली,” आबा म्हणाले. “आता माझी पाळी.”

आणि त्यांनी माइकवरचा पंजा काढला.

“मंडळी,” आबा बोलायला लागले, सावकाश, कांडपात एकेक मूठ घालावी तसं. “मी पोरगा हुतो तवा आपल्या तालमीत एकच जर्सी कमी पडली हुती. दोन घरांची दोन पोरं. एकाला मिळाली, एकाला न्हाई. ती दोन घरं पुढं चौदा वर्षं एकमेकांच्या दारात गेली न्हाईत. त्यातलं एक घर माझं, दुसरं चुलत्याचं. माझा चुलत भाऊ मेला, तवा मला खांदा द्यायला बोलावलं न्हाई.”

किटलीवाल्यांनी किटल्या खाली ठेवल्या.

“म्हणून मी अध्यक्ष झालो तवा ठरवलं, पाळी लावायची. हरलो तर हरलो. गल्ली फुटण्यापरास सामना हरलेला परवडला. तुम्ही मला नावं ठेवत हुता, मला कळत हुतं. यसबा दर वर्षी उभा ऱ्हायचा, तेबी कळत हुतं. पण भ्या वाटायचं. एक पोरगं वगळलं आणि परत तसंच झालं तर?”

पलीकडं ‘ओऽऽ’ झालं. आबा थांबले, कान दिला, विझलं तसे पुढं बोलले.

“आज सकाळी मात्र मजा झाली. घराघरातनं पोरांची पोटं दुखायला लागली. एका वक्ताला इतक्या पोरांना मुरडा हुतो व्हय? मी मिरचीचा माणूस. पोटाचं मला कोण शिकवणार?”

आत्यानं पदराआड तोंड लपवलं. मी खुर्चीखाली जागा शोधायला लागलो.

“रागावलो न्हाई. घरी जाऊन बायकोला म्हणालो, अगं, लोकं आपणहून पाळी सोडालेत. कुंभारांनी सोडली, पाटलांनी सोडली, आणि एकमेकांच्या दारात बसून चहाबी पिलेत. आता गल्ली फुटत न्हाई. आता जिंकलं तरी चालतंय. मघाशी उठत हुतो, ती निस्ती सवय.”

मग आबांनी घरांची नावं घ्यायला सुरुवात केली. गल्लीच्या तोंडापासून शेवटापर्यंत, एकही न चुकवता. कुणाचं पोरगं कधी खेळलं, कुठं पडलं, कुणाचा बूट कुणी घातला होता. माझं नाव आलं तेव्हा म्हणाले, “विलास. चेंडूला फार आदरानं वागवलं ह्यानं.” बायका खळखळून हसल्या. आबा बोलत होते, हसवत होते, आणि डोळा सारखा भिंतीकडं.

ते शेवटच्या घरापाशी आले आणि लांब शिट्टी वाजली.

त्यानंतर जो आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. एवढ्या वर्षांत तालमीची इमारत नवी झाली, आत्या गेली, यसबाचं दुकान त्याचा नातू चालवतो, पण तो आवाज जुना झाला नाही. भिंतीवरनं, फाटकातनं, रस्त्यावरनं माणसं तालमीत घुसली. खांद्यावर दिलावर. दिलावरच्या डोक्यावर हलगी, आणि ती उड्या मारत वाजवणारा यसबा.

“आबाऽऽ! जिंकलो! आबा, मी गोल मारला!” दिलावर ओरडला, आणि ओरडता ओरडता सवयीनं घाबरला. “बाहेर बसू?”

“आता कुठं बसतोस, वाघा,” आबा म्हणाले. “आता नाच.”

यसबानं पलंगाखालचं पोतं आणवलं. तोंड सोडलं, तर तीन पावसाळ्यांच्या दमटपणानं गुलालाची वीट झालेली. दगडानं फुटेना, पहारीनं टवके उडेनात. लोक तर नाचायला आलेले.

“गिरणीत न्या!” कुणीतरी ओरडलं. त्या गर्दीत दुसरा विचार करण्याच्या स्थितीत कुणी नव्हता. आबांची किल्ली घेतली, कांडप चालू केलं, गुलाल मैद्यासारखा होऊन बाहेर आला, आणि चारी बाजूंनी मुठी उधळल्या गेल्या.

तो गुलाल जिथं कुटला, तिथं सकाळी लवंगी मिरची कुटली होती.

पुढचा प्रकार वर्णन करणं कठीण. वाघोबा तालमीची ती विजयी मिरवणूक कोल्हापूरच्या इतिहासातली एकमेव असावी, जिच्यात प्रत्येक माणूस ढसाढसा रडत होता. हलगी शिंकेच्या तालात वाजत होती. तोफखान्याची माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, त्यांना वाटलं आम्ही आनंदानं वेडे झालो. त्यांच्यातला एक भला म्हातारा पुढं येऊन म्हणाला, “जिंकलात की रे. रडताय कशाला एवढं?” यसबानं त्याला मिठी मारली आणि मूठभर गुलाल लावला. मग तोही रडायला लागला. बघता बघता निम्मा तोफखाना आमच्यात सामील झाला, म्याव करायची शुद्ध कुणाला राहिली नाही. आनंदाश्रू कुठले आणि लवंगीचे कुठले, त्या दिवशी कुणालाही वेगळे करता आले नसते.

फक्त आबांना काही होत नव्हतं. वीस वर्षांची सवय. सगळ्या गल्लीचे डोळे सुजलेले आणि आबा कोरड्या डोळ्यांनी, डोक्यावर सत्काराचा फेटा घेऊन, मधोमध हात वर करून नाचत होते.

संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. तालमीच्या पायरीवर बसवलं. चेहरा गंभीर होता. मला वाटलं, आता राजीनामा.

“विलास,” ते म्हणाले, “मी ठरवलंय. पुढच्या वर्षीपासनं टीम दिलावर लावंल. मी नाव काढायचा न्हाई. पण मी मला ओळखतो. सामना चालू झाला की माझे पाय तिकडं पळतात आणि हात वर हुतो. म्हणून सामना असला की तुम्ही मला हितंच बसवायचं. शाल घाला, हार घाला, त्या डॉक्टरला बोलवा, काय पायजे ते करा. मी उठायचो न्हाई.”

 हा माणूस आपली तालीम जिंकावी म्हणून तिचा एकही सामना न बघता जन्म काढायला तयार होता. मी त्यांचे पाय धरले आणि बसलेल्या आवाजात म्हणालो,

“आबा, प्रत्येक सामन्याला मानपत्र वाचीन. जन्मभर वाचीन. तुम्ही सांगाल तेवढं लांब.”

“वाच. मला काय नको.” आबा जरा घुटमळले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “फक्त तेवढा फेटा जरा कानाच्या वर बांधायला सांग. गोल झालेला नीट ऐकू आला न्हाई.”